सौनाआधीची शेवटची भरणी

ताइस्तो केम्पाइनेनची अडतीस वर्षं रंगाच्या लगद्यातलं पाणी गाळून काढणाऱ्या फिल्टर प्रेसपाशी गेली. आखाताकाठच्या त्या रंगकारखान्यात तो लगदा मुठीत दाबून ओल किती आहे ते सांगायचा. प्रयोगशाळेचा आकडा तासाभराने तोच यायचा आणि तिथली शिकलेली माणसं चडफडायची. बोलायला मात्र महाकंजूष. निवृत्तीला दोन महिने उरले होते.

त्या हिवाळ्यात तीन महिने टिकणारं गाळणीचं कापड तीन आठवड्यांत तुंबू लागलं. पाणी निथळेना, लगदा चिकट निघे. खापर फुटायचं संध्याकाळच्या पाळीतल्या राइया हुत्तुनेनवर, कारण बिघाड नेमका तिच्याच पाळीत व्हायचा. शुक्रवारच्या बैठकीत तिला प्रेसवरून काढायचं घाटत होतं.

बुधवारी ताइस्तो तिच्या पाळीला नुसता बघत उभा राहिला. कारखान्याचा सौना, म्हणजे कामगारांचं गरम वाफेचं न्हाणीघर, रात्री नऊला बंद होई. म्हणून आठला प्रेसमध्ये लगद्याची शेवटची भरणी सुरू करताना, वेळ वाचवायला राइयाने व्हॉल्व्ह एका दमात पूर्ण उघडला. ताइस्तोला कारण कळलं. व्हॉल्व्ह हळू उघडला, तर कापडावर आधी लगद्याचा पातळ थर बसतो आणि पुढचं गाळण तो थरच करतो. एकदम जोर दिला की बारीक कण थेट कापडाच्या छिद्रांत घुसतात. पूर्वी कण जाडे असत, म्हणून ही घाई खपून गेली. यंदा ते बारीक निघू लागले होते. आणि ही घाई राइयाची नव्हतीच. एकोणीस वर्षांपूर्वी, सगळ्या पाळीला सौनात एकत्र बसता यावं म्हणून, त्यानेच तिला ती शिकवली होती.

दोन दिवस तो गप्प राहिला. एवढ्या वर्षांचं नाव जाताजाता मातीत घालायचं त्याच्या जिवावर आलं. लाज वाटत होती, तरी गप्पच.

शुक्रवारी अभियंता सिनिक्काने व्हॉल्व्हच्या नोंदी पुढे ठेवल्या. दुखणं तिलाही सापडलं होतं. हे कोणी शिकवलं, असं तिने राइयाला विचारलं.

“कोणी नाही. माझीच सवय,” राइया टेबलाकडे बघत म्हणाली.

ताइस्तो उठून उभा राहिला. “मी शिकवलं तिला. आणि कारण मला बुधवारीच कळलं होतं.”

राइयाची जागा वाचली. बाहेर बर्फात ती त्याच्यावरच उखडली.

“दोन महिने उरले होते तुझे. गप्प बसायला काय झालं होतं?”

“बसलो होतो की दोन दिवस,” तो म्हणाला. “तेवढी लाज मला पुरे.”