दादांची काडेपेटी

उन्हाळा तापायला लागला आणि मी शिकवतो त्या शाळेला सुट्टी पडली की मला एका जागी बसवत नाही. तिसगावजवळच्या आमच्या वस्तीवर गोठ्याला लागून कडब्याची गंज रचलेली असते. ज्वारीचा तो वाळलेला चारा म्हणजे पाऊस पडेपर्यंत दोन गाईंचं जेवण. ती पेटली तर गाई विकाव्या लागतील, कारण वैशाखात विकत घ्यायलाही कडबा मिळत नाही. हा एकच विचार डोक्यात घेऊन मी भर दुपारी घर आणि गंज यांच्यामध्ये येरझाऱ्या घालतो. बायको म्हणते, "तुमच्या पायाला भिंगरी हाय का वो?"

त्या वर्षी तर मी कहरच केला होता. गंजीभोवतीचं वाळलं गवत खुरप्यानं काढलं. विहिरीच्या मोटारीची वायर गंजीजवळच्या बाभळीवरून सोडवून दूर नेली. टँकरच्या पाण्यातलं एक पिंप भरून गोठ्याशी ठेवलं आणि त्याला कुणी हात लावायचा नाही अशी ताकीद दिली. गंजच गोठ्यापासून लांब हलवू म्हणालो, तर दादा, म्हणजे माझे वडील, भडकले. "पन्नास वर्सं हितंच गंज रचतोय. कदी पेटली न्हाई. लई शानपना करू नको."

मग माझी नजर दादांच्या बिडीकडे वळली. त्यांना हल्ली विसरायला होतं. चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधतात. आणि असा माणूस गंजीच्या सावलीत बिडी ओढत बसायचा. शेवटी एका सकाळी मी त्यांच्या बंडीच्या खिशातून काडेपेटी काढून घेतली.

"बिडी पेटवायची आसंल तं मला हाक मारा," मी म्हणालो.

ते बंडी झटकून उठले. हाक त्यांनी कधी मारली नाही, आणि सुनेकडे विस्तव मागणं त्यांच्या पिढीच्या माणसाला जमण्यासारखं नव्हतं. न पेटवलेली बिडी ओठांत धरून ते लिंबाखाली बसून राहायचे. तलफेनं त्यांची दुपारची झोपही गेली. मला वाईट वाटायचं, पण काडेपेटी मी माझ्याच खिशात ठेवली.

आठवडाभरानं, सकाळी अंघोळीचं पाणी तापवून झाल्यावर चुलीतली राख मी काढली. ती आम्ही टाकून देत नाही. वांग्यावर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, पडला की कोरडी राख भुरभुरवतात. भिजली की तिचे गोळे होतात, म्हणून पाणी मारायचं नाही. मी ती युरियाच्या रिकाम्या गोणीत भरली आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून गोणी गंजीच्या आडोशाला टेकवली. तेवढ्यात शेजारच्या शेतात बांध पेटवायची तयारी दिसली. दरवर्षी उन्हाळ्यात बांधावरचं गवत जाळायची इथे रीतच आहे. मी तसाच तिकडे पळालो.

दुपार होईपर्यंत मी शेजाऱ्याच्या डोक्यावर बसून होतो. वारा पडू द्या, आधी पाणी आणा, इकडून नको तिकडून पेटवा. "गुरुजी, तुमी घरी जा बरं," तो शेवटी हात जोडून म्हणाला. तेवढ्यात माझ्याच वस्तीवरून बायकोची किंकाळी आली.

धावत पोचलो तेव्हा गंजीचा खालचा कोपरा काळा पडला होता आणि त्यातून वाफ निघत होती. मी भरलेलं पिंप आडवं पडलं होतं. अंगणाच्या मधोमध युरियाची गोणी अर्धी वितळून पडली होती आणि तिच्यातून राख सांडली होती. राखेत अजून दोन निखारे लाल होते.

बायकोनं सांगितलं ते असं. झोप लागत नाही म्हणून दादा लिंबाखाली जागेच होते. धूर त्यांनाच आधी दिसला. त्यांनी पेटती गोणी हातांनीच ओढून अंगणात आणली, सुनेला हाक मारली आणि दोघांनी मिळून पिंप गंजीवर उलथलं. वितळलेलं प्लॅस्टिक दादांच्या तळहाताला चिकटलं होतं.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी माझ्याच घरात करून दाखवलं होतं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

दवाखान्यातून हाताला पट्टी बांधून आल्यावर दादा लिंबाखाली बसले. मी खिशातली काडेपेटी काढून त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी काडेपेटीकडे पाहिलं, मग काळ्या पडलेल्या कोपऱ्याकडे.

"ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच," ते म्हणाले. "सकाळची राख तेवढी माझ्या हवाली करीत जा."