उरलेली मरळ

धाकलू एका जागी शांत बसायचा तो फक्त मासळीचे वाटे लावताना. एरवी त्याच्या पायाला भिंगरी. किन्हवलीकडच्या आमच्या गावात वैशाखात डोह आटला की सगळे मिळून मासे धरायचे. डोहात उतरेल त्या प्रत्येक घराला एक वाटा, आणि सगळे वाटे सारखे. धाकलू पळसाच्या पानांवर ढीग मांडायचा. मग एक जण पाठ फिरवून उभा राहायचा. धाकलू ढिगावर बोट ठेवून विचारायचा, "हा कोनाचा रे?" पाठमोरा ज्याचं नाव घेईल, वाटा त्याचा. वाटून जो मासा उरेल तो परत डोहात. कोणालाच नाही म्हणजे भांडणही नाही. धाकलूला याचा फार अभिमान.

सत्त्याण्णव साली वरच्या वाडीतली तानी डोहात उतरली. नवरा झाडावरून पडून कंबर मोडून बसलेला, घरात कच्चीबच्ची. तिला एक वाटा मिळाला, ट्रॅक्टरवाल्या अनिललाही तेवढाच. शेवटी हातभर लांब मरळ उरली. धाकलूने ती सवयीने पाण्यात भिरकावली. तानी नुसती पाण्याकडे बघत राहिली.

तिथून धाकलूची झोप उडाली. रोज माझ्या ओट्यावर येऊन तोच घोळ. "सारखं वाटलं ना मी?"

"वाटलंस."

"मग तिची पोरं उपाशी कशी?"

मी म्हटलं, "वाटे सारखे होते, घरं सारखी नव्हती."

"पन मरळ फेकून कोनाचं भलं झालं?"

मला त्याचा रागच यायचा. ऐन जेवणाच्या वेळी असले प्रश्न आणू नयेत माणसाने.

पुढच्या वैशाखात त्याने कोणाला पाठ फिरवूच दिली नाही. एक ढीग मुद्दाम मोठा लावला आणि सगळ्यांदेखत तानीच्या टोपलीत ओतला. एकच गलका झाला. "आज तिला, उद्या तुज्या मेव्हन्याला देशील!" अनिल ओरडला. तसं त्याचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं.

"मेव्हना कंबर मोडून पडला तर त्याला पन देईन," धाकलू म्हणाला.

तानीने टोपली तिथेच उपडी केली. "माज्यापायी भांडू नका," म्हणाली आणि रिकामीच वाडीकडे चालू लागली. तिच्या पोरांना त्या वर्षी हक्काचा वाटासुद्धा मिळाला नाही. धाकलूचं काम काढून घेतलं ते वेगळंच, पण त्याला खात होतं ते हे.

तिसऱ्या वर्षी वाटे अनिलने लावले. तानीही आली होती. धाकलू काठाने येरझाऱ्या घालत होता. वाटे बरोबर सारखे झाले, एक मरळ उरली, अनिलने ती डोहात फेकली. आणि आमचा म्हातारा धाकलू कपड्यांनिशी तिच्यामागे! पाणी गुडघाभर, खाली चिखल. तो पडला, उठला, पुन्हा पडला. लोक पोट धरधरून हसत होते. पण फेकलेला मासा कोणाचाच नसतो, तेव्हा त्याला अडवणार कोण?

काठावरून तानी उठली. लुगडं खोचून, टोपली घेऊन पाण्यात शिरली आणि त्याच्यासमोर वाकून उभी राहिली.

"काका," ती म्हणाली, "तुमी तिकडून हाका. मी हितं टोपली धरते."