पिकअपच्या पोटाखालची प्लेट

अंबडच्या गॅरेजात मोटारसायकल घेऊन गेलो की त्या मला नेहमी भेटतात. त्या जनावरांच्या डॉक्टर. आमच्या घरात पहिला पदवीधर मीच, त्यामुळे त्या "सर" म्हणाल्या की अजूनही अवघडायला होतं. बोलणं संपवताना त्या "बराबर?" असं विचारतात, पण उत्तराची वाट बघत नाहीत.

परवा त्या स्वतःच्या पिकअपच्या पोटाखाली बसवायची लोखंडी प्लेट निवडत होत्या. मागे एकदा वाटेत गाडी दगडावर आपटून ऑइलचा चेंबर फुटला आणि त्या पोचेपर्यंत एक म्हैस दगावली होती. माठ घेताना वाजवावा तशी प्रत्येक प्लेट त्या बोटानं वाजवून बघत होत्या.

"ही जाड हाय मॅडम, पण गाडी जड होईल," मिस्त्री म्हणाला.

"होऊ दे. गाडी बंद पडायची तर म्हशीपाशी गेल्यावर पडू दे. बराबर?"

दोन बोल्ट बसले आणि फोन आला. ओढ्यापलीकडच्या वस्तीवर गाय व्यायला अडली होती.

"चार बोल्ट राह्यले, मॅडम. अर्धा तास थांबा."

"गाईला सांगू का थांब म्हणून?"

बॅग उचलून त्या माझ्या मोटारसायकलवर मागे बसल्या. "चला सर, जल्दी."

ओढ्याला पाणी होतं. मोटारसायकल कुठून घालावी, हे मी ठरवेपर्यंत त्या बॅग डोक्यावर घेऊन पलीकडे पोचल्या होत्या.