समुद्रावरची बाई

उस्मानपुऱ्यात जुन्या लाकूडसामानाचं दुकान चालवणारे एक काका आहेत. त्यांच्याकडं मी एक खुर्ची बघायला गेलो होतो. खुर्ची अजून घेतलेली नाही, पण जातो मात्र सारखा. दाराशी एक लाकडी बाई आहे ना, तिच्यासाठी. कमरेपर्यंतचीच, मान ताठ, केस वाऱ्यानं मागं उडालेले. कुठल्याशा जुन्या लढाऊ जहाजाच्या अगदी पुढच्या टोकावर ती बसवलेली होती. काकांनी ती मुंबईच्या भंगारातून आणली, एवढं खरं. बाकीचा इतिहास गिऱ्हाईक बघून बदलतो. दिवाळीत ती पोर्तुगीजांची होती, आता इंग्रजांची झाली आहे. खांद्यावरचं भोक तोफेच्या गोळ्याचं, असं काका सांगतात. मला वाळवीची शंका येते.

आमच्याकडं नळाला पाणी येतं आठवड्यानं. आलं की काका आधी फडकं भिजवून तिचं तोंड पुसतात.

"समुद्रावरची हाय, सर. इथल्या उन्हात तडकंल."

परवा एक हॉटेलवाला तिला न्यायलाच आला, टेम्पो घेऊन. काका एकदम गंभीर झाले.

"न्या की साहेब. पण सांगून ठेवतो, लई अपशकुनी हाय. तीन जहाजं बुडवली हिनं."

टेम्पो रिकामाच परत गेला.

मला हसू आवरेना. काका मात्र हसले नाहीत. त्यांनी फडकं भिजवलं, तिच्या कपाळावरून हळूच फिरवलं आणि म्हणाले, "मनावर घेऊ नको, माय. बोलावं लागतं."