मावशींच्या सुक्या बोंबलांची वेबसाइट

डहाणू रोडला स्टेशनजवळ, एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत मी बरीच वर्षं वेबसाइट बनवत आले. लॉजच्या, चिकूच्या वाड्यांच्या, एका लग्नाच्या हॉलची. दुपारी खिडकीचा पडदा फुगायचा, डोळे जड व्हायचे आणि वाटायचं, याच गावाचं एक दुसरं गाव मी कुठेतरी हवेत बांधते आहे.

चिंचणीच्या मावशी मुलीच्या सांगण्यावरून माझ्याकडे आल्या. सुके बोंबील आणि जवळा विकायच्या. बाजारात सगळेच त्यांना मावशी म्हणत, मीही म्हणू लागले. मी त्यांना 'आमच्याविषयी', 'आमची उत्पादने', 'संपर्क' अशी नीटनेटकी वेबसाइट करून दिली. पहिल्या पानावर निळ्याशार समुद्राचा फोटो होता, नेटवरून घेतलेला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

"हा आपला दर्या नाय," एवढंच म्हणाल्या.

मी म्हटलं, लोकांना असाच आवडतो. फोटो तसाच ठेवला.

त्या वेबसाइटवर जवळजवळ कोणीच आलं नाही. मी अधूनमधून उघडून बघायचे, तेव्हा झाडूनपुसून ठेवलेल्या रिकाम्या घरात शिरल्यासारखं वाटायचं.

मग मावशींच्या मुलीने एक व्हिडिओ काढून इन्स्टाग्रामवर टाकला. बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर जबड्यात जबडा अडकवून टांगलेले बोंबील वाऱ्यावर हलताहेत आणि मावशी त्यांच्यामधून चालत स्वतःशीच काहीतरी बोलताहेत. त्यात गाणं नव्हतं की मालाचा भाव नव्हता. पण तो कुठल्या कुठे गेला. लग्न होऊन वापीला गेलेल्या एका बाईने खाली लिहिलं, हा वारा माहेर सुटल्यापासून आज पहिल्यांदा ऐकला. मावशींना टाइप करता येत नव्हतं, म्हणून त्या बोलूनच उत्तरं पाठवू लागल्या. माल तिथल्या तिथेच मागवला जाऊ लागला. वेबसाइट कोणी विचारलीही नाही.

मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, रागही आला. मी चिंचणीला गेले आणि मावशींना म्हटलं, वेबसाइट बंद करून टाकू.

मावशी बोंबील उतरवत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "बंद कशाला? लोक तेच तेच विचारतात. वास कसा घालवायचा, भिजवायचे किती, पावसात टिकतात काय. व्हिडिओ दोन दिवसांत खाली जातो, नि मी परत बोलायचं. माझं बोलणं तुझ्या त्या पानावर ठेव."

पुढचे काही दिवस मी त्यांच्याजवळ नुसती बसून राहिले. ऊन अंगावर चढायचं, वाळूतून खारट वाफ यायची आणि त्यांचा आवाज लांबून आल्यासारखा ऐकू यायचा. लोकांचे प्रश्न वाचून मी विचारत गेले, त्या सांगत गेल्या, मी ते फोनवर रेकॉर्ड करत गेले. परत आल्यावर निळा समुद्र काढला, 'आमच्याविषयी' काढलं. आता पान उघडलं की आधी लोकांचे प्रश्न दिसतात. एकेका प्रश्नावर बोट ठेवलं की मावशी बोलतात. मध्येच कोंबडी ओरडते, रिक्षा जाते. ते मी तसंच ठेवलं.

तेव्हापासून वेबसाइट करायला घेतली की मी आधी लोक काय बोलताहेत ते ऐकते. पानं पूर्वीसारखी देखणी होत नाहीत. पण लोक येतात आणि रेंगाळतात.

परवा एकाने लिहिलं होतं: मी मासे खात नाही, पण जेवण झाल्यावर रोज मावशींना ऐकतो, छान झोप लागते. मी ते मावशींना वाचून दाखवलं.

"मग जेवतो काय हा?" त्यांनी विचारलं आणि माझा फोन तोंडापुढे धरून त्याला वांग्याच्या भाजीत चिंच कधी घालायची ते सांगू लागल्या.