डोक्यावर कुणी नको

आक्का लाँड्रीत हॉस्पिटलच्या चादरी धुवायची. मालक एके दिवशी कुलूप लावून पसार झाला, तेव्हा बायकांनी कुलूप फोडून काम चालू ठेवलं. त्यांत आक्काची धाकटी जाऊही होती.

मुकादम कुणी नेमायचा नाही, हे आक्काचंच म्हणणं. तिचे वडील अराज्यवादी म्हणून तुरुंगात खितपत मेले. लोक म्हणायचे, त्यांना जाळपोळ हवी होती.

"बाबा साधी चूल पेटवताना घाबरायचे," आक्का सांगायची. "त्यांचं म्हणणं एवढंच, माणसाच्या डोक्यावर माणूस बसवू नये. जे राबतात त्यांनीच मिळून ठरवावं. नाही पटलं तर पुन्हा बसावं."

"नुसत्या बसूनच राहिलो तर धुणार कोण?" जाऊ म्हणायची आणि सगळ्या हसायच्या.

वर्षभर बरं चाललं. मग फाटक्या चादरी शिवणाऱ्या बाईचा उजवा हात इस्त्रीच्या रोलरमध्ये गेला. हात आत जाऊ नये म्हणून रोलरवर बसवलेली जाळी सैल झाल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. प्रत्येकीला वाटलं, दुसरी कुणी सांगेल.

"मुकादम असता तर हे झालं नसतं," जाऊ म्हणाली.

"मालक होता तेव्हाही जाळी सैलच होती," आक्का म्हणाली.

"तेव्हा शिव्या घालायला कुणीतरी होतं," बॉयलरवाली हळूच म्हणाली.

सगळ्यांनी आक्कालाच मुकादम व्हायची गळ घातली.

"मी झाले, तर उद्यापासून तुम्ही जाळीकडे बघायच्याही नाही," ती म्हणाली आणि अडून बसली. शेवटी जाऊ मुकादम झाली.

दुसऱ्याच दिवशी जाळी घट्ट बसली, हे खरं. पण पुढे कामात बोलायला बंदी आली. मग शिवणवालीला काढलं. एका हाताने ती काय शिवणार, असं जाऊचं म्हणणं. आक्काने हातातली चादर खाली टाकली आणि मागे पाहिलं. रोलर फिरतच होते. बॉयलरवालीने मान खाली घातली. आक्का एकटीच बाहेर पडली.

नंतर ती रोज शिवणवालीच्या खोलीवर जायची. शिवणवाली डाव्या हाताने टाके घालायला शिकत होती. आक्का समोर बसून कापड ताणून धरायची.

"तुझ्या त्या बापाच्या विचारांपायी माझा हात गेला," शिवणवाली एकदा म्हणाली.

आक्काने कापड तसंच ताणून धरलं. दुसऱ्या दिवशीही ती गेली. शिवणवालीने दार उघडलं, पण त्या दिवशी कापड तिच्या हाती दिलं नाही.