येळवशीची आंबील आणि साडूची फोर-व्हील

माझ्या धाकट्या साडूची नवी गाडी बिघडली, तो माझ्या आयुष्यातला फार सुखाचा दिवस होता.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, अक्कलकोटजवळच्या माझ्या सासुरवाडीचं सगळं घर शेतावर जेवायला जातं. सासूबाई आणि त्यांचं आंबिलीचं मडकं दरवर्षी माझ्या गाडीतून जायचं. थोरल्या जावयाचा मान! (गाडी बारकी, पण मान मोठा.) यंदा साडू बसवराज सोलापुरातून फोर-व्हील ड्राइव्ह घेऊन आला आणि सासूबाई मडक्यासकट थेट तिच्यात जाऊन बसल्या.

"लई उंच हाय की वो! समदं रान दिसतंय!"

मी आणि बायको मागून धूळ खात निघालो. जळलो, साफ जळलो!

डांबरी संपली आणि पुढं चिखल. कुणाच्या तरी पाटाचं पाणी वाटेवर आलं होतं. बसवराजनं चालत्या गाडीतच बटण 'हाय'वरून चिखलात जादा जोर देणाऱ्या 'लो'वर फिरवलं. दिवा लुकलुकायला लागला, पीं पीं सुरू झाली. त्यानं घाबरून गाडी थांबवली.

मी स्कॅनर घेऊन धावलो! मोबाइलला जोडून गाडीचं दुखणं सांगणारं हे यंत्र मी साडूच्या गाडीची बातमी कळली त्याच आठवड्यात मागवलं होतं. (का, ते विचारू नका.) स्क्रीनवर पहिलेच शब्द आले, 'ट्रान्सफर केस'. पुढचं वाचायला आनंदानं सवडच दिली नाही.

"गेली!" मी जाहीर केलं.

"काय गेली, साडूभाऊ?" बसवराजचा चेहरा उतरला.

"ट्रान्सफर केस! इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी. आता ही गाडी हलवायची नाही!"

"अय्यो! नवी कोरी की!" सासूबाई म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या, आमी चालत जातो. रान हितंच तर हाय."

"मी असताना तुम्ही चालणार?"

मडकं माझ्या गाडीत आलं. सासूबाई आल्या. बायको कुजबुजली, "अहो, आधी चिखल बघा." मी आरशात मागं एकटा उभा राहिलेला बसवराज बघत होतो.

पन्नास पावलांवर रुतलो. ॲक्सिलरेटर दाबला, आणखी रुतलो. अजून दाबला, तर मडकं डुचमळून निम्मी आंबील सासूबाईंच्या नव्या इरकलीवर!

मेहुणीला घेऊन पूजेच्या तयारीला आधीच शेतावर गेलेले सासरे आरडाओरडा ऐकून आले. त्यांनी जन्मभर ट्रॅक्टर चालवलेला.

"पाव्हणं, त्या गाडीला काय झालंय?"

"ट्रान्सफर केस गेलीय, मामा."

त्यांनी बसवराजला हाक मारली. "आरं, हाय-लो बदलताना गिअर न्यूट्रल केला व्हतास का?"

"न्हाय की, मामा!"

"मग कसं पडंल? ट्रॅक्टरचंबी तसंच असतंय."

बसवराजनं न्यूट्रल केलं, बटण फिरवलं, दिवा शांत झाला. मी गुपचूप मोबाइल उघडला. दुसऱ्या ओळीत तेच लिहिलं होतं!

चिखलातच मडकं परत त्याच्या गाडीत गेलं. सासूबाई गेल्या. माझी बायकोही गेली! मग दोर बांधून त्यानं मला शेतापर्यंत ओढत नेलं.

पंगतीत मी मान खाली घालून डाळी-पालेभाज्यांची भज्जी आणि भाकरी खात होतो. आता हा सगळ्यांसमोर माझी लाज काढणार, याची वाट बघत होतो. काढू दे. निदान मग त्याच्यावर मनसोक्त चिडता तरी येईल!

पण बसवराज म्हणाला, "साडूभाऊ धावत आले म्हणून धीर आला बगा. मला तर काय बी सुचंना झालं व्हतं." आणि उरलेल्या आंबिलीची पहिली वाटी त्यानं मलाच दिली.

मेल्याची गाडी तर माझ्या गाडीपेक्षा चांगली होतीच. आता त्याच्या स्वभावावरही जळणं आलं!